जंगलाची मोजणी वाळवीपासून व्हावी

पावसाळ्यात कोकणात अ‍ॅटलास पतंग दिसला की त्याची बातमी होते, छायाचित्रे फिरतात, आणि ते रास्तच आहे. सुमारे 25 सेंटिमीटर पंखविस्तार आणि पंखांच्या टोकाशी सापाच्या डोक्याचा भास, असा हा कीटक नजर खिळवून ठेवतो. जवळच्याच एखाद्या बुंध्यावर मातीची नळी बांधत वर चढणाऱ्या वाळवीकडे मात्र कॅमेरा वळत नाही. जंगलाचे मोल आपण देखण्या जिवांवरून ठरवतो. ते जिवांच्या कामावरून ठरायला हवे.

अ‍ॅटलासची अळी पानांवर वाढते. प्रौढ पतंगाला खाता येईल असे तोंडच नसते. साठवलेल्या चरबीवर आठवडा-दोन आठवडे काढायचे, जोडीदार गाठायचा, अंडी घालायची आणि संपायचे. सह्याद्रीत वारुळे बांधणारी वाळवी पालापाचोळा आणि पडके लाकूड पोटात घालून वारुळात आणते, विष्ठेची सच्छिद्र पोळी रचते आणि त्यांवर बुरशी पिकवते. लाकडाचा चिवट भाग ही बुरशी फोडते, तेव्हा कुठे तो वाळवीला पचतो. पावसात याच बुरशीची अळंबी जमिनीवर येतात. गोवा-कोकणात ती चवीने खाल्ली जातात. बोर्निओच्या मालियाउ खोऱ्यात 2015-16च्या दुष्काळात संशोधकांनी काही भागांतली वाळवी मुद्दाम घटवली होती. जिथे ती शाबूत होती तिथे पाचोळा लवकर कुजला, मातीत ओल टिकली आणि रोपे जास्त जगली. हे निष्कर्ष 2019 मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

वाळवी घरे आणि पिके पोखरते, हा आक्षेप खोटा नाही. पण जगातल्या सुमारे 3,000 जातींपैकी उपद्रवी जाती 200 सुद्धा नाहीत. दारे-खिडक्या जरूर वाचवाव्यात. त्यासाठी रानातले वारूळ उकरण्याचे कारण नाही. पतंगही निरुपयोगी नाही, त्याच्या अळ्यांवर पक्षी जगतात, असेही कुणी म्हणेल. ते खरेच आहे. पण त्या अळीला पाने पुरवणारे झाड ज्या मातीत रुजते, ती कसदार राखण्यात वाळवीचा वाटा मोठा आहे. म्हणजे पतंग जपायचा तरी वाळवी जपावी लागेल.

नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये. वन खात्याने रोपवनासाठी जमीन सपाट करताना वारुळे राखावीत, पडलेले सगळे लाकूड उचलू नये, आणि जंगलातल्या कीटकांच्या नोंदीत फुलपाखरे-पतंगांबरोबर वाळवीच्या जातीही मोजाव्यात.