तडजोडीच्या कागदावर सही करण्याआधी

आपल्या घरांना कर्ज नवे नाही, नवा आहे तो कर्जाचा छापील कागद. आधीच्या पिढ्यांनी मालकाकडून उचल घेतली तेव्हा व्याजाचा दर कुठे लिहिलेला नसे. उचल फिटेपर्यंत राबायचे, एवढेच ठरलेले असे. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द ठरवली. पण त्या व्यवस्थेने मुरवलेली एक समजूत अजून टिकून आहे: कर्ज थकले म्हणजे माणूस नालायक. शैक्षणिक कर्जाच्या थकबाकीची नोटीस आली की पहिल्या पिढीतल्या पदवीधराला बँकेच्या व्याजापेक्षा ही समजूतच जास्त घाई करायला लावते, आणि त्या घाईत समोर येईल त्या कागदावर सही होते.

बँकेशी लेखी परतफेडीची व्यवस्था करावी की नाही, हा अब्रूचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. हिशेब कधी 'करा' म्हणेल, कधी 'आत्ता नको' म्हणेल. दोन्ही उत्तरे सन्मानाची आहेत.

बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. 1913 साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले, आणि त्या बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी केला होता. 1917 मध्ये ते बडोद्यात रुजूही झाले. पण राहायला कोणी जागा देईना, कचेरीत शिपाईसुद्धा विटाळ मानत, आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. करार पाळण्याची इच्छाही होती आणि लायकीही, पण जातीने तो पाळू दिला नाही. आज पदवी हातात असून मुलाखतीत आडनाव विचारले जाते, ओळखीअभावी पहिली नोकरी दोन-तीन वर्षे उशिरा लागते, तीही कंत्राटी. त्या काळात थकलेला हप्ता हा एकट्याचा नैतिक दोष कसा ठरेल?

आता हिशेबाकडे येऊ. बहुतेकांपुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट पुनर्रचनेची, म्हणजे मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची. समजा, 4 लाख रुपये 10 टक्के व्याजाने 10 वर्षांत फेडायचे आहेत. हप्ता सुमारे 5,286 रुपये येतो. मुदत 15 वर्षे केली तर तो सुमारे 4,298 होतो. महिन्याला हजाराच्या आत सवलत मिळते आणि एकूण परतफेड जवळपास 1 लाख 39 हजारांनी वाढते. तुमची अडचण तात्पुरती असेल, नोकरी लागली आहे पण पगार कमी आहे, तर हा सौदा ठीक आहे. पुढे पगार वाढल्यावर जास्तीची रक्कम भरता येते. पण उत्पन्नच नसेल, तर लहान केलेला हप्ताही थकणार. तेव्हा मुदतवाढीऐवजी काही महिन्यांची सूट लेखी अर्ज करून मागावी. हा अर्ज हप्ता 90 दिवस थकून खाते एनपीए होण्याआधी गेला पाहिजे. आपल्यातले बरेच जण नेमके याच तीन महिन्यांत बँकेत जायचे टाळतात, फोन उचलत नाहीत.

दुसरी वाट एकरकमी तडजोडीची, जिला सगळे 'सेटलमेंट' म्हणतात. बँक काही रक्कम सोडते, उरलेली ठरलेल्या तारखेपर्यंत भरायची. ऐकायला ही सुटका वाटते, पण तिची किंमत आहे. पत-अहवालात ते खाते 'क्लोज्ड' न दिसता 'सेटल्ड' दिसते आणि पुढचा प्रत्येक सावध धनको ते वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या चौकटीनुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोड केलेल्या कर्जदाराला किमान 12 महिने नवे कर्ज देता येत नाही. आपल्यातले कितीतरी जण बँकभरतीची तयारी करतात. त्या जाहिरातींत पत-इतिहास चांगला असण्याची अट असते. तेव्हा सेटलमेंटआधी आपण कोणत्या नोकरीच्या रांगेत उभे आहोत, हेही पाहावे.

सेटलमेंट योग्य ठरण्याची अट सोपी आहे: रक्कम हातात असावी, आणि ती नव्या कर्जाची नसावी. बँकेचे दीड लाख भरण्यासाठी खासगी सावकाराकडून किंवा मोबाइल अॅपवरून दीड लाख उचलणे ही सुटका नव्हे. स्वस्त, नियमाखालचे कर्ज महाग आणि बेबंद कर्जात बदलून घेणे एवढाच त्याचा अर्थ. आईचे मंगळसूत्र किंवा बहिणीच्या प्रवेशाची फी त्यात जात असेल, तर उत्तर 'आत्ता नको' हेच आहे. आणि रक्कम जमण्याची खात्री नसताना पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. कर्ज न फेडता येणे हा गुन्हा नाही, पण न वठलेला चेक कलम 138 खाली फौजदारी खटला होऊ शकतो.

तिसरी वाट लोकअदालतीची. लोकअदालतीची नोटीस आली की घरात समन्स आल्यासारखी धावपळ होते. प्रत्यक्षात तिथे जाऊन तडजोड नाकारता येते, तिथे फी लागत नाही, आणि बँक शाखेपेक्षा तिथे अनेकदा जास्त ऐकून घेते. मात्र तिथे झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून घरून आकडा ठरवून जा, महिन्याला किती आणि कधीपासून, आणि त्यापलीकडे सही करू नका. आणखी एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा 15100 वर फोन करा. तुम्ही हैदराबादला शिकत असा, दिल्लीला किंवा इंदूरला, हा हक्क देशभर सारखाच आहे.

कोणत्याही वाटेवर सहीआधी चार गोष्टी पाहा. एक, बँकेचे पत्र लेटरहेडवर हवे, वसुली एजंटचा व्हॉट्सअॅप मेसेज चालणार नाही. दोन, त्यात एकूण रक्कम, तारखा आणि 'यानंतर काही येणे राहणार नाही' हे वाक्य हवे. तीन, सहकर्जदार वडील किंवा जामीनदार मामा यांचीही सुटका होते आहे, असे स्पष्ट लिहिलेले हवे, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. चार, पैसे कर्जखात्यातच जायला हवेत. 'हप्ते भरणे थांबवा, आम्हाला फी द्या, आम्ही सेटल करून देतो' म्हणणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. त्या बँकेशी जे बोलतील ते तुम्ही स्वतः बोलू शकता. एजंटला सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करण्याची, नातेवाइकांत बदनामी करण्याची मुभा नाही. बँकेने तक्रारीवर 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

हे झाले व्यक्तीपुरते. पण आपल्यापुढच्या वाटा एवढ्या अरुंद का आहेत, हेही विचारायला हवे.

2016 च्या दिवाळखोरी संहितेमुळे कंपन्यांना कर्जातून बाहेर पडण्याचा कायदेशीर रस्ता मिळाला. त्या प्रक्रियेत धनकोंना मान्य दाव्यांपैकी सरासरी एक-तृतीयांशाच्या आसपास रक्कम परत मिळते. उरलेल्या रकमेला बँका 'हेअरकट' म्हणतात आणि त्यासाठी कोणाच्या दारात एजंट उभा राहत नाही. त्याच संहितेच्या तिसऱ्या भागात साध्या माणसासाठीही तरतूद लिहिलेली आहे. न्यायाधिकरणासमोर परतफेडीची योजना मांडता येईल, आणि अगदी गरिबांना 'नवी सुरुवात' मिळेल. पण कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार सोडले, तर तो भाग अजून लागू केलेला नाही. आणि लागू केला तरी 'नवी सुरुवात' कोणाला? वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, कर्ज 35 हजारांपर्यंत. शिवाय शैक्षणिक कर्ज त्या यादीतून वगळलेले आहे. दंड आणि पोटगी यांच्या पंक्तीत विद्यार्थ्याचे कर्ज बसवले आहे. म्हणजे कारखाना बुडाला तर सवलत मिळेल, शिक्षण घेऊन नोकरी मिळाली नाही तर मिळणार नाही.

शिष्यवृत्ती वेळेवर न देणारे शासन आणि ती उशिरा आल्यामुळे कर्ज काढणारा विद्यार्थी, यांत बेजबाबदार कोण, हे ठरवताना कायद्याने आधीच बाजू घेतली आहे. म्हणून आपल्या संघटनांच्या मागण्यांत शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासोबत आणखी दोन ओळी हव्यात: संहितेचा तिसरा भाग लागू करा, आणि शैक्षणिक कर्ज वगळलेल्या यादीतून काढा.

तोवर नोटीस घरात लपवून ठेवू नका. ती वस्तीतल्या शिकलेल्या दोघा-तिघांत बसून वाचा, कागदावर जमा-खर्च मांडा, आणि त्यानंतरच सही करायची की नाही ते ठरवा.

जय भीम.