कोळसेवाल्याचे गाणे



चीनच्या कन्फ्यूशियसच्या परंपरेत एक मोलाची शिकवण आहे. राज्यकर्त्याने जनतेची गाणी ऐकावीत, म्हणजे तिचे दुःख कळते. तांग राजवटीतील कवी बाई जुई (इ.स. 772-846) याने ही शिकवण मनावर घेतली. इ.स. 809 च्या सुमारास त्याने 50 गीते रचली. त्यांतील एका गीतात एक म्हातारा कोळसेवाला आहे. अंगावर धड कपडा नाही, तरी कोळशाला भाव यावा म्हणून थंडी वाढावी अशी त्याची इच्छा! शेवटी राजवाड्याची माणसे त्याचा गाडीभर कोळसा थोड्याशा रेशमी कापडावर घेऊन जातात.

कवी स्वतः सरकारी नोकर होता. 815 मध्ये प्रधानाचा खून झाला. खुन्यांना पकडा, असा अर्ज त्याने बादशहाकडे केला. विरोधकांनी डाव साधला आणि त्याला खालच्या पदावर दूर पाठवले. उतारवयात तो बौद्ध उपासक म्हणून लुंगमेनजवळच्या विहारात रमला.

नोकरीच्या भीतीने फाईलीत तोंड खुपसणाऱ्या आम्हा कारकुनांना हा कवी प्रश्न विचारतो. जलशांतून आमच्या शाहिरांनीही गोरगरिबांचेच दुःख गायिले. जयंतीला डीजे थोडा वेळ थांबवून मुलांना ती गाणी ऐकवू या.