गट नंबर आहे, सातबारा कुठे?

वजनकाट्याचा इंडिकेटर विकत घेतला की खोक्यातून इंडिकेटर निघतो, वायरी निघतात, वॉरंटी कार्ड निघतं आणि तळाशी एक पेनड्राइव्ह. स्टोअरकीपर बाकी सगळं रजिस्टरला चढवतो. पेनड्राइव्ह कुणाच्याच हिशेबात नसतो. या टेबलावरून त्या टेबलावर फिरत तो शेवटी माझ्याकडे येतो. कोल्हापूर भागातले साखर कारखाने, सूतगिरण्या, बाजार समित्या यांची यंत्रं संगणकाला जोडून देणारं सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा धंदा. उसाची भरलेली गाडी काट्यावर येते, ड्रायव्हर कार्ड दाखवतो, वजन होतं. रिकामी होऊन परतली की पुन्हा वजन, वजाबाकी, आणि पावती. त्या पावतीवर एखाद्या घराचं वर्षभराचं गणित उभं असतं. म्हणून पेनड्राइव्हमध्ये काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न माझ्यासारख्या चार तांत्रिक माणसांपुरता ठेवू नये, असं मला वाटतं.

त्यात असते एक डीएलएल फाइल, म्हणजे यंत्र बनवणाऱ्याने आधीच शिजवून बंद केलेला प्रोग्रॅम. नशीब असेल तर हेडर फाइल, म्हणजे आतल्या फंक्शनांची यादी. आणि एक नमुना प्रोग्रॅम, तो बहुतेक वेळा व्हिज्युअल बेसिक 6 मधला. ही भाषा 1998 ची. मायक्रोसॉफ्टने तिच्या साधनांचा आधार 2008 सालीच काढून घेतला. आमच्याकडे ती अजून कामावर आहे.

डीएलएल लिहिलेली असते सी भाषेत. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1972 च्या सुमाराला घडवलेली ही भाषा यंत्राच्या इतकी जवळ बोलते, की आजही यंत्रांच्या ड्रायव्हरला तिच्यावाचून पर्याय क्वचितच. आम्ही मात्र वरचं काम पायथन किंवा जावात करतो. एका भाषेतून दुसरीतलं फंक्शन बोलावण्याच्या सोयीला फॉरेन फंक्शन इंटरफेस म्हणतात. पायथनमध्ये ती सीटाइप्स नावाने 2006 पासून घरातच आहे. आकडा द्यायचा, आकडा घ्यायचा, इतकंच असेल तर काही अडत नाही. अडतं ते पॉइंटरपाशी.

पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा क्रमांक. 'वजन किती ते मला सांग' असं न म्हणता सीचं फंक्शन म्हणतं, 'जागेचा क्रमांक दे, वजन मी तिथे लिहून ठेवतो.' हा क्रमांक म्हणजे शेताचा गट नंबर समजा. नुसत्या गट नंबरावर तुम्ही जमीन घ्याल? सातबारा मागाल. क्षेत्र किती, मालक कोण, कसतंय कोण, बोजा कुणाचा, हे सगळं बघाल. सीचा पॉइंटर यातलं काहीएक सांगत नाही. जागा किती बाइटांची, ती कुणी घेतली, कधीपर्यंत वापरायची आणि मोकळी कुणी करायची, यातला एक शब्दही हेडरमधल्या त्या ओळीत नसतो. हे सगळं फंक्शन लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि डोकं काही पेनड्राइव्हमध्ये येत नाही.

लांबीचंच घ्या. कार्ड वाचणाऱ्या एका यंत्राच्या कागदावर लिहिलं होतं: 'नाव, कमाल 32'. बत्तीस काय? ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात इंग्रजी नाव होतं, तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. आता 'ज्ञानेश्वर तुकाराम' हे नाव आणि वडिलांचं नाव घ्या. वाचणारा माणूस आठ अक्षरं मोजेल. युनिकोड, म्हणजे संगणकाची अक्षरयादी, मोजेल मधल्या जागेसकट अठरा चिन्हं, कारण जोडाक्षरातला हलन्त आणि काना-मात्रा त्याच्या लेखी वेगळ्या. यूटीएफ-8 या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे सतरा त्रिक एकावन्न, मधल्या जागेचा एक, आणि मजकूर इथे संपला असं सांगणारा शेवटचा शून्य बाइट, एकूण 53. आठ म्हणा, अठरा म्हणा, दोन्ही बत्तीसच्या आतच. तुम्ही निर्धास्तपणे 32 बाइटांची जागा देता, सीचं फंक्शन तिथे 53 बाइट लिहितं आणि उरलेले 21 शेजारच्या जागेत सांडतात. शेजारी कधी काहीच नसतं, कधी मघाशी वाचलेलं वजन असतं. प्रोग्रॅम तिथल्या तिथे कोसळला तर मी सुटकेचा श्वास टाकते. न कोसळता पुढे चालला तर खरी धास्ती.

इंग्रजी नावांवर तपासलेली लायब्ररी मराठी नावांवर फुटते ती अशी. त्यावर विक्रेत्याचा सल्ला ठरलेला: 'मॅडम, नावं इंग्लिशमध्येच ठेवा ना.'

32 आणि 64 बिटांचं प्रकरण जुनं आणि सर्वज्ञात आहे, तरी दर हंगामात कुठे ना कुठे उगवतंच. 64 बिटांच्या संगणकावर पॉइंटर आठ बाइटांचा, सीची साधी इंट, म्हणजे पूर्ण संख्या, मात्र चारचीच. परत येणारी वस्तू पॉइंटर आहे हे सीटाइप्सला सांगितलं नाही, तर ते तिला इंट समजतं आणि पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळून पडतो. जागा पहिल्या दोन गिगाबाइटांत असेल तर गळण्यासारखं काही नसतंच, सगळं सुरळीत चालतं. त्या पलीकडे गेली की धडाम. जागा कुठे पडेल हे ऑपरेटिंग सिस्टीम सुरक्षेसाठी मुद्दाम बदलत राहते. त्यामुळे ऑफिसातला पोरगा म्हणतो, 'माझ्या मशीनवर चालतंय,' आणि काट्यावरचा ऑपरेटर म्हणतो, 'इथं बंद पडलंय,' आणि दोघंही खरं बोलत असतात. मूळ कागदावर 'पॉइंटर' या एका शब्दाऐवजी 'लाँग' असं छापलेलं असतं, कारण व्हिज्युअल बेसिकच्या नमुन्यात ते तसंच होतं.

या सगळ्याहून अवघड भानगड मुदतीची. काही यंत्रं म्हणतात, तू सारखं विचारू नकोस. वजन स्थिरावलं की मीच हाक मारतो, तुझ्या फंक्शनचा पत्ता तेवढा देऊन ठेव. तुम्ही पायथनमधलं फंक्शन सीला कळेल अशा वेष्टनात घालून देता. हे वेष्टन पायथनच्या मालकीचं. त्याच्या बाजूने कुणी ते धरून ठेवलं नाही, तर पायथन ते मोडीत काढतो, कारण त्याच्या नोंदीत ते कुणाला नकोय. सीने पत्ता टिपून ठेवलाय, हे त्याला कळणार कसं? मोडलेल्या जागेत काही काळ जुनंच सामान पडून असतं, म्हणून पहिल्या काही गाड्या बिनबोभाट जातात. मग ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते, आणि ऐन रात्रपाळीत, बाहेर गाड्यांची रांग लागलेली असताना यंत्र त्या पत्त्यावर हाक मारतं. वेष्टन धरून ठेवा, असं सीटाइप्सच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. यंत्रवाल्याच्या कागदावर पत्ता आम्ही किती वेळ वापरणार आहोत, हे लिहिलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

लिहिता येतच नाही, असं कुणी म्हणू नये. एसक्यूलाइट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी 2000 साली आणला. तो तुमच्या फोनमध्ये आत्ता आहे. लिहिलाय सीमध्ये आणि फुकट आहे. प्रश्नाच्या रिकाम्या जागेत मजकूर भरणारं त्याचं एक फंक्शन आहे, त्याला पाच गोष्टी द्याव्या लागतात. तिसरी मजकुराचा पॉइंटर. चौथी त्याची लांबी, आणि कागदपत्रांत खुलासा आहे की ही बाइटांत मोजायची, अक्षरांत नव्हे. पाचवी मला फार आवडते: या जागेचं पुढे काय करायचं? 'स्टॅटिक' म्हणालात तर ती हलणार नाही अशी हमी तुम्ही देता. 'ट्रान्झियंट' म्हणालात तर एसक्यूलाइट परतण्याआधी स्वतःची प्रत काढून घेतं. नाहीतर, काम झाल्यावर जागा मोकळी करणारं फंक्शनच देऊन ठेवा. उलट दिशेने उत्तराचा मजकूर घेताना तो पॉइंटर कोणत्या क्षणापर्यंत खरा, तेही सांगितलंय: पुढच्या ओळीवर गेलात की संपला. पैसे न घेता वाटलेल्या वस्तूला एवढा चोख कागद आहे. आम्ही रोख मोजून घेतो त्या यंत्राला एक पान जड होतं.

या दुर्लक्षाची मोठी किंमत जगाने 19 जुलै 2024 ला पाहिली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर नेऊन बसवले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. कंपनीच्या अहवालात कारण दिलंय ते फार साधं आहे: एका बाजूच्या व्याख्येत 21 रकाने, दुसऱ्या बाजूने प्रत्यक्षात 20 च मूल्यं दिली. एकविसावं वाचायला गेलेला प्रोग्रॅम यादीच्या बाहेरच्या मेमरीत शिरला. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' असं असल्यामुळे तोवर तो कुणी वाचलाच नव्हता. तिथे दोन भाषा नव्हत्या, एकाच कंपनीची दोन टोकं होती. वीस की एकवीस यावर एकाच घरात एकमत नसेल, तर चाकणच्या गोदामातून आलेल्या यंत्राचं आणि माझ्या पायथनचं एकमत अंदाजाने होणार आहे का?

यावर हुशार पोरं म्हणतात, सी सोडा, रस्ट भाषा घ्या. आपल्या दुरुस्त केलेल्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या गैरवापराचे असतात, असं मायक्रोसॉफ्टने 2019 साली सांगितलं होतं. तेव्हा पोरांचं म्हणणं पोकळ नाही. पण रस्टमधून सीचं फंक्शन बोलवायचं तर 'अनसेफ' असा शिक्का कुठेतरी मारावाच लागतो. वेशीपलीकडचं मला माहीत नाही, तुम्ही बघून घ्या, असं रस्ट उघडपणे म्हणतं. गो भाषेने 2016 मध्ये नियम घालून दिला: सीला दिलेला पत्ता काम संपल्यावर सीने जवळ ठेवायचा नाही. जावा 22 मध्ये, मार्च 2024 ला, नवी सोय पक्की झाली; तिच्यात परक्या मेमरीला मुदत लावता येते आणि मुदत टळल्यावर जावातून हात लावला तर प्रोग्रॅम कोसळण्याऐवजी चूक दाखवली जाते. हे सगळं आपल्या बाजूचं कुंपण झालं. पलीकडचा किती बाइट लिहिणार आहे, ते कुंपणाला कुठून कळणार? एआयचंही तेच. आमच्याकडचा मुलगा हेडर त्याच्यापुढे टाकतो आणि क्षणात नीटनेटका पायथन कोड मिळवतो. लांबीच्या जागी तिथे 256 असतं. का? कारण बहुतेक लोक 256 घेतात. हेडरमध्ये जे नाहीच, ते त्यालाही दिसत नाही. फक्त त्याचा अंदाज आमच्यापेक्षा ठाम अक्षरांत येतो.

मग माझी मागणी प्रोग्रॅमरांकडे नाही, खरेदी समित्यांकडे आहे. काट्याच्या निविदेत लोखंडाची जाडी असते, लोडसेलची क्षमता असते, रंगाचे हातसुद्धा असतात. सॉफ्टवेअरबद्दल एकच ओळ: 'एसडीके सोबत द्यावे.' एसडीके म्हणजे तोच पेनड्राइव्ह. तिथे आणखी थोडं लिहा. प्रत्येक फंक्शनच्या प्रत्येक पॉइंटरपुढे जागा कोण देणार, किती बाइटांची, कधीपर्यंत धरणार, मोकळी कोण करणार, हे विक्रेत्याने लेखी द्यावं. 64 बिटांवर चालणारा नमुना द्यावा आणि तो मराठी नावांवर चालवून दाखवावा. हे होईपर्यंत बिलाचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा. वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असल्याशिवाय काटा वापरत नाही ना आपण? तो शिक्का वजनाचा आहे. वजन काट्यावरून पावतीपर्यंत येताना मधे काय होतं, त्यावर कुणाचाच नाही.

'हे आमचं गुपित आहे,' असं विक्रेते म्हणतील. आतला कोड खुशाल गुपित ठेवा. दारातून आत येताना काय आणायचं, ते सांगण्यात कसलं गुपित? खर्चाचं म्हणाल तर इंडिकेटरच्या डीएलएलमध्ये आम्हाला लागणारी फंक्शनं मूठभर असतात, आणि ती ज्याने लिहिली त्याला हे पान बसल्या बैठकीला लिहिता येईल. अडचण खरी असलीच तर वेगळी आहे, आणि ती मला एका विक्रेत्याच्या सपोर्टवाल्याने खालच्या आवाजात सांगितली: 'मॅडम, ते लिहिणारे सर कंपनी सोडून गेले, आता आमच्याकडेच कुणाला माहीत नाही.' असं असेल तर निविदेतल्या या कलमाने ते खरेदीआधीच बाहेर पडेल, आणि समितीला दुसऱ्या क्रमांकाची निविदा उघडायला वेळ राहील. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. निविदा त्याच्या बऱ्याच आधी निघतात, तेव्हा यंदाच्या मसुद्यात हे कलम अजून बसू शकतं.