शाळेची घंटा केव्हा वाजावी?

शाळेची वेळ घड्याळ पाहून ठरते. परंतु मुलांचे वय पाहून ती ठरू नये काय? लहान मुलास रात्री लवकर झोप येते. कुमारवयात मात्र शरीराचा क्रम पालटतो व झोप उशिरा येऊ लागते. वडीलधारी माणसे यास आळस म्हणतात. वस्तुतः तो वाढत्या वयाचा धर्म आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांस ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्य सांगतात. दिवसा शिकलेले झोपेतच मनात पक्के होते.

राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ साली हा प्रश्न मांडला. पुढे २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले. निर्णय योग्यच, परंतु मोठ्या मुलांचे काय? पावसाळ्यात व हिवाळ्यात त्यांचीही शाळा उजाडताच भरू नये.

नांदेड-लातूरकडे मात्र चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेव्हा सकाळची शाळा भरवणे भागच आहे. अशा दिवसांत गणितासारखा विषय पहिल्या तासाला न ठेवता दुसऱ्या-तिसऱ्या तासाला घ्यावा, आणि घरोघरी रात्रीचा दिवा लवकर मालवावा.

परीक्षेतील यशासाठी लातूरचे नाव महाराष्ट्रभर घेतले जाते. मुलांनो, असे यश तुम्हीही मिळवा. परंतु ध्यानात ठेवा, जागरणाने अभ्यासाचे तास वाढतात, विद्या वाढतेच असे नाही.