आज्ञापत्रातील आंबा-फणस कोणापासून राखायचे होते?

दरवर्षी ५ जूनला एक चित्र हमखास फिरते: शिवछत्रपतींची प्रतिमा, मागे हिरवी झाडी आणि खाली ‘महाराजांचा वृक्षतोडबंदीचा कायदा’. त्यातील कर्तृत्वाचा प्रश्न लवकर निकाली निघतो. आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांचे. महाराजांच्या निधनानंतर सुमारे ३५ वर्षांनी, १७१५च्या सुमारास, करवीरकर संभाजीराजांसाठी सिद्ध झालेले. पंतांनी महाराजांच्या पदरी सेवा केली होती, त्यामुळे त्यात शिवकालीन राजनीतीचा अंश आहे, हे मान्य. ‘वृक्षतोडबंदी’ हा शब्द मात्र मूळ मजकुरावर अन्याय करतो.

मुळात हा मजकूर आहे कोठे? आरमाराच्या प्रकरणात. जहाजांना लाकूड हवे, ते आणायचे कोठून, हा तेथला प्रश्न. सागवानादी वृक्ष राज्यातील अरण्यातून हुजुरांच्या परवानगीने तोडावेत. अधिक लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंब्या-फणसाचे लाकूडही कामाचे, परंतु त्याला हात लावू नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरासारखी वाढवलेली असतात आणि ती तोडली, तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. जबरदस्ती मुळीच नको. झाडे नाहीशी झाल्याने होणाऱ्या हानीचा उल्लेखही तेथे आहे, पण ओझरता.

म्हणजे अमात्यांना धास्ती आहे ती सरकारी कुऱ्हाडीची. धनी स्वतःचे झाड तोडतो की राखतो, याची चौकशी त्या मजकुरात नाही. बंधन आहे ते राज्यावर. चिपळूणच्या लष्करी तळाला गेलेले महाराजांचे पत्रही याच जातकुळीचे: दाणा, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला विकत घ्या, रयतेला उपद्रव देऊ नका.

इंग्रजी अमलात हे नाते उलटे झाले. १८७८च्या वन कायद्याने जंगले ‘राखीव’ केली. मुंबई इलाख्यात शेतकऱ्याच्या कसत्या जमिनीतील काही झाडांवरही सरकार हक्क राखू शके. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर आग पाखडली, ती उगीच नव्हे.

आता आजचे पाहा. राज्याच्या १९६४च्या वृक्षतोड विनियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा आणि फणस आहेत. ते तोडायचे, तर धन्यालाच वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. हा कायदा निरर्थक आहे असे मी म्हणत नाही; लाकूडठेकेदार गाव कसे उजाड करतात, ते कोकणाला सांगायला नको. पण तीच वाडी सरकारला हवी झाली की काय होते? २०१३च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. शासनाच्या स्वतःच्या प्रकल्पाला ती अट नाही. झाडाचे मोल मिळते, धन्याची मर्जी कोणी विचारत नाही. अमात्यांनी दोन्ही अटी घातल्या होत्या.

‘पण सार्वजनिक हित!’ हे उत्तर येणार, ते ठाऊक आहे. आरमार हे काय राजाचे खासगी हौसेचे काम होते? समोर सिद्दी, इंग्रज, पोर्तुगीज उभे होते.