आंतड्याचा निरोप आणि एक तपकिरी कुत्रा

पचनक्रियेवर प्रश्न विचारला म्हणजे आमचे विद्यार्थी कसें उत्तर देतात, हें शिक्षकांस सांगावयास नको. लाळ, जठररस, पित्त, स्वादुरस हीं नांवें पाढ्यांसारखीं एका दमांत म्हटलीं जातात, आणि तेथेंच गाडी थांबते. जठरांतील अन्न खालीं उतरलें हें स्वादुपिंडास कळतें तरी कसें, असें कोणी विचारीत नाहीं. आणि पाठ्यपुस्तकही तें विचारावयास लावीत नाहीं. आमच्या मतें त्या प्रकरणांत खरोखर शिकविण्याजोगी गोष्ट हीच होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हा प्रश्न सुटल्यासारखाच होता. पचनरसांचा स्राव मज्जातंतूंच्या हुकुमानें होतो, असें रशियांतील पावलोव्ह यांचें मत होतें, आणि त्यांच्या शब्दास मोठें वजन होतें. पचनेंद्रियांवरील कार्याबद्दल १९०४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकही मिळालें. परंतु १९०२ च्या जानेवारींत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत बेलिस व स्टार्लिंग या मेहुण्यांच्या जोडीनें एक निराळाच प्रयोग केला. गुंगी दिलेल्या कुत्र्याच्या लहान आंतड्याचा एक वेढा त्यांनीं दोन्ही टोकांस बांधला, त्याचे मज्जातंतु तोडले, आणि रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेविल्या. मग त्या वेढ्यांत सौम्य आम्ल घातलें. तार तुटलेली असतांही निरोप पोंचला! थोड्याच वेळांत स्वादुपिंडांतून रस ठिबकूं लागला. स्टार्लिंग यांनीं लगेच आंतड्याचें अस्तर खरवडलें, वाळू व आम्ल घालून तें घोटलें, गाळलें, आणि तो अर्क शिरेंत टोंचला. पुन्हां रस आला. म्हणजे निरोप्या रक्तांतून जात होता. त्याचें नांव सिक्रेटिन ठेवण्यांत आलें, आणि १९०५ सालीं अशा सर्व निरोप्यांस स्टार्लिंग यांनीं ‘हार्मोन’ हा शब्द ग्रीक भाषेवरून योजिला. आपल्याकडील ‘संप्रेरक’ हा शब्दही आम्हांस तितकाच नेमका वाटतो.

पावलोव्ह यांनीं तोच प्रयोग आपल्या प्रयोगशाळेंत करविला आणि तो खरा ठरतांच मान्य केला. त्यांचें सारेंच खोटें ठरलें असें मात्र नव्हे. अन्नाच्या नुसत्या वासानेंही जठररस सुटूं लागतो, तो मज्जातंतूंच्याच योगानें. एडकिन्स यांच्या वांट्यास हें भाग्य आलें नाहीं. त्यांनीं १९०५ सालीं जठरांतील गॅस्ट्रिन सांगितलें, तें कित्येक वर्षें संशयांत राहिलें. १९६४ सालीं तें शुद्ध स्वरूपांत हातीं आलें, तेव्हां एडकिन्स यांस जाऊन चोवीस वर्षें झालीं होतीं.

आतां ह्या कथेची दुसरी बाजू. ज्या तपकिरी कुत्र्याच्या पोटावर स्टार्लिंग यांनीं १९०२ च्या डिसेंबरांत शस्त्रक्रिया केली होती, तोच १९०३ च्या फेब्रुवारींत विद्यार्थ्यांपुढें पुन्हां प्रयोगास घेतला गेला व नंतर मारला गेला. त्यास पुरती गुंगी दिली नव्हती, असें दोघी स्वीडिश विद्यार्थिनींनीं लिहिलें. तो आरोप जाहीरपणें करणाऱ्या कोलरिज यांजवर बेलिस यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली व ती जिंकली; २,००० पौंड भरपाई मिळाली. पण प्रकरण मिटलें नाहीं. १९०६ सालीं बॅटरसी येथें त्या कुत्र्याचा पुतळा उभा राहिला, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनीं त्यावरून दंगे केले, आणि १९१० सालीं तो रात्रींच्या वेळीं हलविण्यांत आला. १९८५ सालीं तेथें नवा पुतळा बसला.

ही हकीकत कोवळ्या मनांस सोसणार नाहीं, असें कांहीं पालक म्हणतील. आम्हांस तसें वाटत नाहीं. जेवणानंतर आंतड्यांतून निघणाऱ्या अशाच एका संप्रेरकाच्या धर्तीवर बनविलेलीं औषधें आज मधुमेही टोंचून घेतात. ह्या विद्येचें फळ घरोघर पोंचलें आहे. फळ चाखणारास त्याची किंमत कोणी भरली हें ठाऊक असावें. आणि जें एकवार सिद्ध झालें, तें केवळ पाहण्यासाठीं पुन्हां जीव कापण्याचें कारण नाहीं, असाही आमचा आग्रह आहे.

तेव्हां आमच्या शिक्षकबंधूंस विनंति एवढीच कीं, ह्या प्रकरणास आणखी एक तास द्यावा, नांवांची यादी मागाहून सांगावी, आणि वार्षिक परीक्षेंत एक प्रश्न असा घालावा: मज्जातंतु तोडले असतांही रस कां आला?