फादरांची चिठ्ठी

दहावीचा निकाल लागला की धर्मग्रामगृहाच्या व्हरांड्यात माणसे दिसू लागतात. बापाच्या हाती गुणपत्रिकेची प्रत असते, मागे मान खाली घातलेला मुलगा असतो आणि मागणे एकच असते, “फादर, कॉलेजसाठी एक चिठ्ठी द्या. आपलेच कॉलेज आहे.” अशा कित्येक चिठ्ठ्या आम्ही आजवर दिल्या. यापुढे एकही देणार नाही. का देणार नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

राज्यघटनेच्या ३०व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क दिला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयाच्या खटल्यात, १९९१ साली, अशा संस्थांना स्वसमाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा राखता येतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. आज महाराष्ट्रात अकरावीचे प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतात. अल्पसंख्याक कोट्याचे प्रवेश मात्र महाविद्यालयाच्या स्तरावर होतात. येथेच आमच्या भाविकांचा गैरसमज होतो. कोटा म्हणजे गुणांपासून सुटका नव्हे. त्यातही यादी लागते ती गुणानुक्रमेच. स्पर्धा तेवढी आपसांत, ख्रिस्ती मुलामुलांत असते. ‘कट-ऑफ’ ही काही प्राचार्यांनी आधी आखून ठेवलेली रेषा नव्हे. शेवटची जागा ज्या मुलाला मिळाली, त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ.

मग चिठ्ठीवर मिळालेली जागा येते कोठून? ती रेषेच्या वरच्या कोणा मुलाच्या हातून काढून घेतलेली असते, आणि ते मूलही ख्रिस्तीच असते. कदाचित तलासरी-डहाणूकडच्या एखाद्या वारली कुटुंबातील मुलगी असेल, घरातली दहावी झालेली पहिलीच. कदाचित मुंबईत धुणीभांडी करून संसार चालविणाऱ्या एखाद्या विधवेचा मुलगा असेल. त्यांना प्राचार्यांच्या ओळखीचा फादर मिळत नाही. आपल्या हातातील चिठ्ठी त्यांच्या दारावर लावलेली कडी आहे, हे आपल्या ध्यानीही येत नाही.

जब्दीच्या पुत्रांची आई प्रभू येशूकडे आली, तीही दोन जागा मागण्यासाठीच. एका मुलासाठी उजवीकडची, दुसऱ्यासाठी डावीकडची. त्या जागा देणे आपल्या हाती नाही, असे प्रभूने तिला सांगितले. जे प्रभूने आपल्या हाती मानले नाही, ते आम्ही धर्मगुरूंनी आमच्या लेटरहेडवर कसे मानले? हा दोष आमचा आहे आणि तो आम्ही कबूल करतो.

कोणी म्हणतील, “या संस्था आमच्या पूर्वजांच्या घामावर उभ्या राहिल्या, मग आमच्या मुलांना अग्रहक्क का नसावा?” अग्रहक्क समाजाला आहे, ओळखीला नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात कॅथलिक शाळांना गरिबांची आणि निराधारांची विशेष काळजी घ्यावयास सांगितले आहे. वशिल्याच्या मुलांची काळजी घ्या, असे त्यात कोठेही नाही.

कोणी विचारतील, “फादर, मग गुण हेच सर्वस्व का?” मुळीच नव्हे. गुणपत्रिका मुलाचा स्वभाव मोजत नाही, घरातील अडचण मोजत नाही. परंतु अपुरी का असेना, ती सर्वांसाठी एकच पट्टी आहे. आमची चिठ्ठी ही मात्र माणूस पाहून लांबी बदलणारी पट्टी आहे.

शिवाय चिठ्ठी मुलालाही तारत नाही. पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी ‘नीट’ द्यावी लागते, अभियांत्रिकीसाठी सीईटी. तेथे बारावीचे गुण केवळ पात्रतेपुरते असतात आणि फादरांना कोणी विचारीत नाही. ज्याला ५५ टक्के मिळाले, त्याला गुणांचीच चढाओढ असलेल्या विज्ञान शाखेत ढकलण्यापेक्षा आयटीआय किंवा पॉलिटेक्निकची वाट दाखवावी. तेथील प्रवेशही दहावीच्या गुणांवर होतात, आणि पदविका चांगल्या रीतीने पूर्ण करणाऱ्याला पुढे अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. पण शेजाऱ्याचा मुलगा ‘सायन्स’ला गेला ना! त्या एका वाक्यापायी आपण किती मुलांची दोन वर्षे जाळली, याचा हिशेब कधीतरी मांडावा.

खरे काम जूनमध्ये नसते, ते आठवीत असते. सणाचा बँड आणि रोषणाई यांसाठी वर्गणी गोळा होते. गणित-इंग्रजीच्या संध्याकाळच्या वर्गाचा विषय निघाला की धर्मग्राम मंडळाच्या सभेत घड्याळाकडे पाहिले जाते. रविवारी वेदीसमोर ९० टक्क्यांवाल्यांना शाली पांघरतो, आणि ४० टक्क्यांवरून ६० वर आलेला मुलगा मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवितो. त्याच्या कष्टांना आपल्या समाजात नावच नाही.

तेव्हा यापुढे आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याचा दाखला अवश्य मिळेल. तो सत्य सांगतो आणि कोट्यासाठी हवा तो पुरावा त्यातून मिळतो. शिफारस मिळणार नाही. मुलाला घेऊन आमच्याकडे जरूर यावे. मात्र दहावीच्या निकालानंतर नव्हे, आठवीच्या पहिल्या चाचणीनंतर. त्या दिवशी व्हरांड्यात कितीही वेळ बसण्याची आमची तयारी आहे.